फांदीवरील कवके : ओळखीचे शास्त्र आणि सिलतऱ्याचा प्रश्न

भारताच्या जैवसंपदेची चर्चा होते तेव्हा वृक्ष, पशू आणि पक्षी यांचा उल्लेख प्रथम होतो. कवकांची आठवण क्वचितच काढली जाते. पावसाळ्यात झाडाच्या फांदीवर उगवलेली छत्री, खोडाला फळीसारखी चिकटलेली कठीण वाढ किंवा सालीवरचे राखाडी-हिरवे चट्टे दिसले की ‘बुरशी आली’ एवढेच म्हणून ते दृश्य मागे टाकले जाते. वस्तुतः या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कवकांच्या खुणा असतात. त्यांचे नेमके नाव कळल्यास तीन महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. ही वस्तू खाण्यायोग्य आहे की प्राणघातक? बाजारात तिला किती मोल आहे? आणि ते झाड ज्या हवेत उभे आहे ती हवा कशी आहे? छत्तीसगडमधील रायपूरजवळचे सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र तिसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कवकांची ओळख हा केवळ वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा विषय नसून ती सार्वजनिक माहितीची एक पायाभूत सुविधा आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कवक : स्वतंत्र सृष्टी

दीर्घकाळ कवकांची गणना वनस्पतींत केली जात असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी पंचसृष्टी वर्गीकरण मांडले आणि कवकांना स्वतंत्र सृष्टीचे स्थान मिळाले. कवकांत हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाहीत. त्यांच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजऐवजी प्रामुख्याने कायटिन असते. कीटकांचे कवचही याच द्रव्याचे बनलेले असते. कवके पाचक रस शरीराबाहेर सोडतात आणि विघटित झालेले अन्न शोषून घेतात. त्यांचा खरा देह म्हणजे लाकडात किंवा मातीत पसरलेले तंतूंचे जाळे, अर्थात कवकजाल होय. डोळ्यांना दिसणारी छत्री किंवा फळी ही बीजाणू निर्माण करण्यापुरती वाढलेली रचना असते. तिला फलकाय म्हणतात. आंब्याच्या झाडाला आंबा, तसे कवकजालाला फलकाय.

जगात आजवर सुमारे दीड लाख कवकजातींचे शास्त्रीय वर्णन झाले आहे. ब्रिटनच्या क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या २०२३ च्या अहवालात जगातील एकूण कवकजातींचा अंदाज सुमारे २५ लाख इतका देण्यात आला. म्हणजे प्रत्येक शंभर जातींपैकी सहा-सात जातींनाच नाव मिळालेले आहे. भारतात नोंदल्या गेलेल्या जातींची संख्या २७ हजारांहून अधिक आहे.

फांदीवर राहणाऱ्यांचे तीन प्रकार

उपजीविकेच्या पद्धतीनुसार फांदीवरील कवकांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट मृतोपजीवी कवकांचा. ती वाळलेल्या किंवा तुटून पडलेल्या लाकडावर वाढतात. लाकडातील लिग्निन हे अत्यंत चिवट द्रव्य असून ते पूर्णपणे विघटित करण्याचे सामर्थ्य मुख्यतः कवकांपाशीच आहे. लिग्निन व सेल्युलोज या दोहोंचे विघटन झाल्यास लाकूड फिकट व तंतुमय होते. यास श्वेत कुज म्हणतात. केवळ सेल्युलोज खाल्ले गेल्यास उरलेले लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटते. ती तपकिरी कुज. ही प्रक्रिया नसती तर जंगलातील पोषकद्रव्ये मृत लाकडातच अडकून पडली असती.

दुसरा गट परजीवी कवकांचा. ती जिवंत झाडाच्या जखमेतून आत शिरतात आणि खोडाचा गाभा कुजवतात. गॅनोडर्मा व फेलिनस या प्रजातींतील अनेक जाती या गटात येतात. त्यांचे फलकाय बाहेर दिसू लागते तोपर्यंत आतील कुज बरीच पुढे गेलेली असते. त्यामुळे रस्त्याकडेच्या वृक्षाच्या बुंध्यावरील अशी फळी ही नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या दृष्टीने धोक्याची सूचना असते. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाने वृक्ष प्राधिकरणांवर वृक्षांची जबाबदारी सोपवली आहे. ही जबाबदारी पार पाडताना बुंध्यावरील कवकांची नोंद घेणे उपयुक्त ठरते.

तिसरा गट सहजीवी कवकांचा. यातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे शैवाक, अर्थात लायकेन. मराठी स्वयंपाकघरात गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच आहे. शैवाक म्हणजे एकच सजीव नव्हे. ते कवक व शैवल यांचे एकत्र जीवन आहे, हे स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले. कवक आसरा व ओलावा पुरवते. शैवल प्रकाशसंश्लेषणाने अन्न पुरवते. शैवाकाचे शास्त्रीय नाव त्यातील कवकाच्या नावावरून ठरते. ‘दगडफूल’ या नावामुळे ते केवळ दगडावर उगवते असा समज होतो. प्रत्यक्षात मसाल्यातील दगडफूल मोठ्या प्रमाणावर झाडांच्या सालीवरून व फांद्यांवरून गोळा केले जाते.

शोध केव्हा व कोठे घ्यावा

मध्य भारतात मांसल फलकाये पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर या काळात दिसतात. चिवट व काष्ठमय फलकाये वर्षभर टिकतात. काही तर अनेक वर्षे वाढत राहतात. शैवाकेही बारमाही असतात, परंतु त्यांची वाढ अत्यंत मंद, बहुतेक वेळा वर्षाला काही मिलिमीटर इतकीच असते. या मंदपणामुळेच ती दीर्घ काळाच्या हवेची साक्षीदार ठरतात.

शोध घेताना प्रथम पडलेल्या फांद्या, मग बुंधा, त्यानंतर खोड आणि शेवटी उभ्या झाडावरील वाळक्या फांद्या असा क्रम ठेवणे सोयीचे असते. फांदीची खालची बाजू अवश्य पाहावी, कारण तेथे ओलावा अधिक काळ टिकतो. छत्तीसगडमधील सर्वांत प्रसिद्ध रानकवक मात्र फांदीवर नव्हे तर जमिनीखाली सापडते. बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसानंतर मिळणारा ‘बोडा’ सालवृक्षाच्या मुळांशी सहजीवन करतो आणि हंगामाच्या आरंभी बाजारात मोठ्या भावाने विकला जातो. स्थानिक स्त्री-पुरुषांना तो कोठे शोधावा याचे ज्ञान परंपरेने लाभलेले असते. फांदीवरील कवकांविषयी असे ज्ञान तुलनेने कमी आहे.

ओळखीची पद्धत

कवकाची ओळख केवळ रंगावरून किंवा छायाचित्रावरून करणे धोक्याचे असते. एकाच जातीचा रंग वयानुसार, उन्हानुसार व ओलाव्यानुसार बदलतो. म्हणून पुढील बाबींची क्रमाने नोंद करावी.

पहिली बाब आश्रयदाते झाड. झाड कोणते, जिवंत की मृत, कवक बुंध्यावर आहे की फांदीवर, साल शिल्लक आहे की गळून गेली आहे, हे लिहावे. दुसरी बाब आकार : छत्री, अर्धवर्तुळाकार फळी, कान, पसरट थर की गोळा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे खालची बाजू. तेथे पात्यांसारखे पडदे, सूक्ष्म छिद्रे, दातेरी काटे की गुळगुळीत पृष्ठभाग आहे, यावरून गट बहुधा निश्चित होतो. चौथी बाब पोत : मांसल, जेलीसारखा, चामड्यासारखा की लाकडासारखा. पाचवी बाब कापल्यावर होणारा रंगबदल व वास. चव घेऊन पाहू नये.

सहावी बाब बीजाणूंचा रंग. फलकायाची खालची बाजू अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर टेकवून वर वाटी झाकून रात्रभर ठेवल्यास बीजाणूंचा ठसा उमटतो. पांढरा, गुलाबी, तपकिरी किंवा काळा असा त्याचा रंग ओळखीचा भक्कम आधार असतो. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार पाहिला जातो. काही रासायनिक कसोट्याही असतात. उदाहरणार्थ, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यास फेलिनसचा तपकिरी गर काळा पडतो. अखेरची कसोटी जनुकीय असते. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी डीएनएतील ‘आयटीएस’ या भागाला कवकांची अधिकृत ओळखपट्टी म्हणून मान्यता दिली.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. तो घाम येऊन कुजतो. कागदी पाकिटात वाळवून ठेवावा व त्यावर दिनांक, ठिकाण, झाड, जमिनीपासूनची उंची आणि संकलकाचे नाव लिहावे. असा नमुना संग्रहालयात जमा झाल्यासच ती नोंद पुढील अभ्यासकाला पडताळता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे. १९४६ मध्ये ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन यांनी शैवाकांच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. उत्तरेत लखनऊ विद्यापीठाचे डॉ. धरणीधर अवस्थी हे भारतीय शैवाकशास्त्राचे जनक मानले जातात. लखनऊच्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही शैवाकांचा मोठा संग्रह आहे.

नेहमी आढळणारी काही कवके

भारताच्या मैदानी प्रदेशात काही फांदीकवके सहज ओळखता येतात. शायझोफायलम कम्यून हे वाळक्या फांदीवरील छोट्या, लोकरीसारख्या पांढरट पंख्यांच्या रूपात दिसते. त्याच्या खालच्या बाजूचे पडदे कडेला उभे चिरलेले असतात. मणिपूरमध्ये ते ‘कांगलायेन’ या नावाने आवडीने खाल्ले जाते. पिक्नोपोरस हे नारिंगी-लाल रंगाचे पातळ फळीकवक उन्हातील मृत लाकडावर लांबूनही नजरेस पडते. हेक्झागोनियाच्या खालच्या बाजूस मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी छिद्रे असतात. ऑरिक्युलेरिया पावसात मऊ, कानाच्या आकाराचे होते आणि उन्हात आकसून कडक होते. डाल्डिनिया हे कोळशाच्या गोळ्यासारखे दिसते. ते कापल्यावर आत एकाभोवती एक अशी वर्तुळे दिसतात. गॅनोडर्माच्या काही जातींचा पृष्ठभाग वार्निश लावल्यासारखा चकाकतो. ही सहा नावे आत्मसात झाली की उरलेल्यांचे वेगळेपण जाणवू लागते.

चुकीच्या ओळखीची किंमत

जेथे ओळख चुकते तेथे प्राणांची किंमत मोजावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला. मृतांत चहाच्या मळ्यांतील कामगार कुटुंबांतील व्यक्तींचा समावेश होता. सर्वांत घातक कवकांत अमॅटॉक्सिन हे विष असते. ते शिजवल्याने, वाळवल्याने किंवा मीठ लावल्याने नष्ट होत नाही. लक्षणे साधारणतः सहा तासांनंतर, बहुधा त्याहूनही उशिरा दिसू लागतात. उलट्या-जुलाब थांबून रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्याच काळात यकृताची हानी सुरू असते. यामुळे उपचारास विलंब होतो.

चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, कीड लागलेली अळंबी सुरक्षित, लाकडावर उगवलेली अळंबी निर्धोक, अशा समजुतींना कोणताही शास्त्रीय आधार नाही. लाकडावर वाढणाऱ्या गॅलेरिना प्रजातीच्या काही जातींत हेच अमॅटॉक्सिन असते. तज्ज्ञाने प्रत्यक्ष नमुना पाहून खात्री दिल्याशिवाय कोणतेही रानटी कवक खाऊ नये, हा यातील एकमेव सुरक्षित नियम होय. लागवडीच्या अळंबीचा पर्याय मात्र उपलब्ध आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळंबी संशोधन संचालनालय आणि रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय या क्षेत्रात कार्यरत आहेत.

बाजार आणि नाव

कोकणात फणसाच्या खोडावर वाढणाऱ्या काष्ठमय कवकाला ‘फणसांबा’ किंवा ‘फणसोंबा’ म्हणतात. परंपरागत वैद्यकात, विशेषतः तोंडातून अतिरिक्त लाळ सुटण्याच्या तक्रारीवर, त्याचा उपयोग केला जातो. शास्त्रीयदृष्ट्या ते फेलिनसच्या गटातील आहे. परंतु एकाहून अधिक जाती याच नावाने ओळखल्या जातात. दगडफुलाचीही स्थिती अशीच आहे. बाजारातील एका पुड्यात पार्मोट्रेमाबरोबर इतर शैवाकांचे तुकडे मिसळलेले असतात.

अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे तत्त्व मांडले व पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खरेदीदाराला चांगला व वाईट माल यांतील फरक कळत नसेल तर तो दोन्हींसाठी मध्यम किंमतच देऊ करतो. परिणामी चांगल्या मालाचा विक्रेता बाजारातून माघार घेतो. जंगलातून शुद्ध माल निवडून आणणाऱ्या संकलकाला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळत नाही तो याच कारणाने. फरक ओळखून प्रतवारी करणारी व्यवस्था गावपातळीवर निर्माण झाली तर किमतीतील वाढीव वाटा संकलकाकडे जाऊ शकतो. मात्र शैवाकाची वाढ मंद असल्याने संपूर्ण फांदी ओरबाडून काढल्यास काही वर्षांतच साठा संपतो, याचेही भान हवे. उत्तराखंडातील मुनस्यारी येथे २०२० मध्ये देशातील पहिले शैवाक उद्यान सुरू झाले, त्यामागे ही जाणीव होती.

शैवाक : हवेची नोंदवही

शैवाकाला मुळे नसतात. पानावर असते तसे मेणचट संरक्षक आवरणही नसते. पाणी व क्षार ते संपूर्ण पृष्ठभागाने हवेतून व पावसातून घेते. हवेत सल्फर डायऑक्साइड असल्यास तो ओलाव्यात विरघळून शैवलातील हरितद्रव्य नष्ट करतो आणि कवक-शैवलाची भागीदारी मोडते. झुडपासारखी लोंबणारी शैवाके सर्वांत आधी नाहीशी होतात, पानासारखी पसरणारी त्यानंतर. सालीला घट्ट चिकटलेली खपलीसारखी शैवाके सर्वांत शेवटपर्यंत टिकतात.

विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात शहराच्या अन्य भागांपेक्षा अधिक शैवाके असल्याचे नोंदवले आणि त्याचा संबंध हवेच्या शुद्धतेशी जोडला. १९७० मध्ये डेव्हिड हॉक्सवर्थ व फ्रान्सिस रोझ यांनी इंग्लंड व वेल्ससाठी शून्य ते दहा अशी श्रेणी तयार केली. झाडांवर काय आढळते ते पाहून सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण त्यावरून अंदाजता येऊ लागले. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतरच्या दशकांत लंडनमधील सल्फर डायऑक्साइड घटत गेला व नाहीशी झालेली अनेक शैवाके परतली. धोरणाचे यश अशा प्रकारे झाडाच्या सालीवर वाचता आले.

सिलतरा येथील परिस्थिती

सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र रायपूरच्या उत्तरेस, रायपूर-बिलासपूर महामार्गावर धरसींवा विकासखंडात आहे. येथे स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल व फेरो अलॉय उद्योग केंद्रित झाले आहेत. छत्तीसगडमध्ये लोहखनिज व कोळसा ही दोन्ही खनिजे विपुल असल्याने या उद्योगाची येथे वाढ होणे स्वाभाविक होते. कोळशावर आधारित पद्धतीत लोहखनिज, कोळसा व डोलोमाइट फिरत्या भट्टीत तापवले जातात. कोळशातील गंधकाचा काही भाग डोलोमाइट शोषून घेतो. तरीही धूळ व वायूंचे उत्सर्जन होते. धूळ अडवण्यासाठी ईएसपी हे स्थिरविद्युत संयंत्र बसवले जाते. त्याला वीज लागते. संयंत्र चालवण्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबात येतो; ते बंद राहिल्याने होणारी हानी मात्र आसपासच्या शेतावर, घरावर आणि फुप्फुसांवर पडते. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये विशद केलेल्या बाह्य परिणामाचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. अशा ठिकाणी दिवस-रात्र, वर्षभर नोंद घेणारी स्वतंत्र साक्ष आवश्यक ठरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांचे मूल्यांकन केले. हवा, पाणी व जमीन यांवर आधारित या निर्देशांकात ७० हून अधिक गुण असलेली क्षेत्रे अतिप्रदूषित आणि ६० ते ७० गुणांची क्षेत्रे गंभीर प्रदूषित गणली गेली. रायपूर तेव्हा गंभीर श्रेणीत होते. २०१८ च्या मूल्यांकनात १०० क्षेत्रांपैकी ३८ अतिप्रदूषित ठरली व त्यांत सिलतऱ्याचा समावेश होता. त्याच यादीत महाराष्ट्रातील तारापूर पहिल्या क्रमांकावर होते आणि चंद्रपूरचाही त्यात अंतर्भाव होता. त्यामुळे सिलतऱ्याचा धडा महाराष्ट्रालाही लागू पडतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानके न गाठणाऱ्या शहरांत रायपूरची गणना करण्यात आली.

फांद्यांची पाहणी कशी करावी

हवेचे स्वयंचलित मापन केंद्र अचूक असते, परंतु ते महाग असते आणि एकाच जागेची माहिती देते. झाडे मात्र गावोगावी आहेत. युरोपीय देशांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या मानक पद्धतीत खोडावर जमिनीपासून एक मीटर उंचीवर, चारही दिशांना प्रत्येकी पाच चौकोन असलेली जाळी लावतात. प्रत्येक चौकोन १० सेंटिमीटर बाजूचा असतो. कोणती जाती किती चौकोनांत आहे ते मोजून बेरीज केली जाते. समजा, एका आंब्याच्या खोडावरील २० चौकोनांपैकी आठ चौकोनांत एक जाती आणि पाच चौकोनांत दुसरी जाती आढळली, तर त्या झाडाची बेरीज १३ होईल. कारखान्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर व सर्व दिशांना अशी पाहणी केल्यास बदलाचा कल दिसून येतो.

या पद्धतीला काही मर्यादा आहेत आणि त्या समजून घेणे आवश्यक आहे. शैवाके आढळली नाहीत म्हणजे हवा दूषितच आहे, असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. रायपूरच्या मैदानात उन्हाळा कडक असतो व पावसाचे प्रमाण चार महिन्यांत एकवटलेले असते. कोरडेपणामुळेही शैवाके विरळ असू शकतात. आंबा, बाभूळ व कडुनिंब यांच्या सालीचे गुणधर्म भिन्न असतात. म्हणून तुलना एकाच जातीच्या, जवळपास सारख्या वयाच्या व सारखा प्रकाश मिळणाऱ्या झाडांतच करावी लागते. शिवाय त्याच हवामानातील, परंतु उद्योगांपासून दूर असलेले गाव तुलनेसाठी घ्यावे लागते. इंग्लंडची श्रेणी येथे जशीच्या तशी वापरता येणार नाही, कारण तेथील जाती येथे नाहीत.

दुसरी मर्यादा प्रदूषकांच्या स्वरूपाची. राष्ट्रीय मानकांनुसार सल्फर डायऑक्साइडची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५० मायक्रोग्रॅम, पीएम १० ची ६० व पीएम २.५ ची ४० मायक्रोग्रॅम आहे. भारतातील बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइडपेक्षा धूलिकणांचा प्रश्न अधिक बिकट आहे. अशा ठिकाणी शैवाकांची संख्या मोजण्याबरोबर त्यांच्या देहातील साठाही मोजावा लागतो. हवेतून आलेले लोह, क्रोमियम, शिसे व जस्त शैवाकात साठत जातात आणि प्रयोगशाळेत त्यांचे प्रमाण काढता येते. मैदानी प्रदेशात आंब्याच्या सालीवर आढळणारे पिक्सिन कोकोस हे शैवाक प्रदूषण बऱ्यापैकी सहन करते. त्यामुळे उत्तर भारतातील शहरांत धातूंच्या मापनासाठी त्याचा उपयोग केला गेला आहे. जेथे कोणतेही नैसर्गिक शैवाक शिल्लक नसेल तेथे स्वच्छ परिसरातील शैवाकयुक्त फांदी आणून ठरावीक काळ टांगून ठेवण्याची पद्धतही रूढ आहे.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी एकच अट आहे : जातीची ओळख अचूक हवी. प्रदूषण सहन करणारे शैवाक संवेदनशील समजले गेले तर दूषित हवा स्वच्छ ठरेल आणि त्या नोंदीवर विसंबणाऱ्या गावाची फसवणूक होईल.

कायदा व संस्था

संविधानाच्या अनुच्छेद ४८-अ नुसार पर्यावरणाचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे व अनुच्छेद ५१-अ (छ) नुसार ते नागरिकांचेही मूलभूत कर्तव्य आहे. ही दोन्ही कलमे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाली. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ ने प्रदूषण मंडळांना मापन व नियंत्रणाचे अधिकार दिले.

कवकांचे कायद्यातील स्थान मात्र काहीसे संदिग्ध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या ‘वनस्पतीजन्य’ अशी केली आहे. त्यात बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, कंदमुळे आदींची नावे आहेत. कवकांचे नाव नाही. जीवशास्त्राने १९६९ मध्ये वनस्पतींपासून वेगळी केलेली ही सृष्टी कायद्याच्या शब्दांत अजून वनस्पतींच्या छायेत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या प्रजाती आयोगाने २०२१ मध्ये प्राणी व वनस्पती यांच्या जोडीने कवकांचा स्वतंत्र उल्लेख करण्याचे धोरण स्वीकारले. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असतात आणि त्यांच्यामार्फत लोक जैवविविधता नोंदवही तयार केली जाते. या नोंदवहीत फांदीवरील कवके व शैवाके यांना स्वतंत्र पाने देता येतील.

समारोप

कवक ओळखण्याचे ज्ञान हे अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ते वापरल्याने दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. अशा वस्तूत खाजगी गुंतवणूक पुरेशी होत नाही, म्हणून संग्रहालये, वर्गीकरणतज्ज्ञ व महाविद्यालयीन प्रशिक्षण यांवरील शासकीय खर्चाला पर्याय नाही. वर्गीकरणशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पदे व शिष्यवृत्त्या उपलब्ध झाल्या तरच हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहील.

सिलतऱ्यासारख्या ठिकाणी या गुंतवणुकीचा परतावा ठोस स्वरूपाचा असेल. स्थानिक महाविद्यालयांनी दरवर्षी त्याच झाडांची, त्याच उंचीवर, त्याच पद्धतीने पाहणी केली आणि नमुने संग्रहालयात जमा केले, तर पाच-दहा वर्षांत हवेच्या बदलाची स्वतंत्र नोंद तयार होईल. ती मापन केंद्राची जागा घेणार नाही, परंतु दोन केंद्रांमधील गावांची माहिती देऊ शकेल. सुनावणीच्या वेळी ग्रामसभेकडे तक्रारीबरोबर पुरावाही असेल आणि ज्या कारखान्याने आपली संयंत्रे नियमित चालवली त्यालाही त्याच नोंदीचा आधार मिळेल.